देणे : नारू, हापसा आणि श्रीमंतांचा पैसा

मराठीतील 'देणे' हा शब्द मोठा मजेचा आहे. क्रियापद म्हणून तो दात्याच्या बाजूने उभा राहतो. नाम झाला की तोच ऋणकोच्या माथ्यावर जाऊन बसतो. 'त्याने दिले' म्हणताना देणाऱ्याचा हात वर असतो, 'त्याचे देणे आहे' म्हणताना मान खाली जाते. जुन्या पेढीवरच्या वह्यांत देण्याचे खाते वेगळे असे आणि धर्मादायाचे वेगळे. धर्मादायाचा पैसा मालकाच्या मर्जीने, नफा झाला तर आणि तेवढ्यापुरता जाई. देण्याला मर्जी विचारण्याची सोय नसे. तेथे तारीख असे.

श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांतील रोगनिवारणाचा खर्च उचलावा काय, या प्रश्नाची चर्चा आजवर बहुधा धर्मादायाच्या वहीत चालत आली आहे. एका बाजूला करुणा, दुसऱ्या बाजूला 'आधी आपल्या घरचे बघा' हा हिशेब. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली, परदेशांतील आरोग्यकार्याचा पैसा एकाएकी गोठवला आणि त्याच वर्षीच्या जुलैत आपली साहाय्य वाटणारी संस्था स्वतंत्र खाते म्हणून मोडीत काढली, तेव्हाही दोन्ही पक्षांची भाषा हीच होती. आम्ही मराठीचे अध्यापक. वैद्यक आणि अर्थकारण हे आमचे प्रांत नव्हेत. पण नोंद चुकीच्या वहीत पडली आहे की काय, अशी शंका घेण्याचा अधिकार भाषेच्या माणसाला असतो. शिवाय ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो व शिकवतो, त्या जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाचे बरेच तुकडे विखुरलेले आहेत. ते जुळवून पाहण्याचा हा प्रयत्न.

पहिला तुकडा जिल्ह्याच्या नावातच आहे. २०२३ पर्यंत सरकारदरबारी आमचा जिल्हा उस्मानाबाद होता. हे नाव हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले असे सर्वत्र सांगितले जाते. हे उस्मान अली खान आपल्या काळातील जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ म्हणून ओळखले जात. २२ फेब्रुवारी १९३७ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र याच कारणाने झळकले. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचे नाव दख्खनच्या एका अत्यंत कोरड्या, गरीब मुलखाला चिकटले होते. श्रीमंताने गरिबाच्या रोगावर खर्च करावा काय, हा प्रश्न आमच्या आजोबा-पणजोबांना राष्ट्राराष्ट्रांमधला म्हणून पडण्याचे कारण नव्हते. त्यांचा श्रीमंत त्यांच्याच राज्यात, हैदराबादेत राहत होता.

आता १९१८ हे वर्ष घ्या. पहिल्या महायुद्धात निजामाने ब्रिटिशांना मुक्तहस्ताने पैसा पुरवला. त्यातून ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची तुकडी विमानांनी सज्ज झाली. तिला 'हैदराबाद स्क्वाड्रन' म्हणत आणि तिच्या विमानांवर ती निजामाची भेट असल्याचा लेख असे. सप्टेंबर १९१८ मध्ये ही तुकडी फ्रान्समध्ये दाखल झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला होता, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत तो दख्खनच्या गावागावांत माणसे नेत होता. त्या साथीत हिंदुस्थानात दगावलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. जोंधळ्याच्या पट्टीतून जमलेल्या सारावसुलीचा एक अंश फ्रान्सच्या आकाशात उडत होता आणि पट्टी भरणारा घोंगडीत तापाने फणफणत होता. निजामाने आरोग्यासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबाद शहरातील भव्य उस्मानिया रुग्णालय त्यांच्याच कारकिर्दीतले. परंतु ते राजधानीत होते. राज्यातील जमिनीचा एक मोठा हिस्सा सर्फ-ए-खास, म्हणजे थेट निजामाच्या खाजगी उत्पन्नाचा. तेथली आणि बाकीच्या मराठवाड्यातली रयत राजधानीच्या रुग्णालयापर्यंत पोचणार कशी? सांगायचे ते एवढेच की श्रीमंताची उदारता आणि गरिबाची गरज यांचे पत्ते सहसा एक नसतात. ती कोठे जाणार हे श्रीमंताच्या दृष्टीस काय पडते, त्याला कशाची भीती वाटते आणि कोणाची मर्जी हवी असते, यावर ठरते.

भीतीचा उल्लेख केला तो सहज नव्हे. रोगनियंत्रणावरील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा जन्मच भीतीतून झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिस येथे युरोपीय राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. मुंबईकर कसे वाचतील याची चिंता तेथे गौण होती. मुंबईची जहाजे आणि हजचे यात्रेकरू यांच्यामार्फत प्लेग युरोपात येऊ नये, हा तिचा मुख्य विषय. पुण्यातील रँडशाही आपण इतिहासात आणि साहित्यातही अनेकवार वाचली आहे. व्हेनिसची परिषद तिच्या पाठीमागचा मोठा पडदा आहे, हे मात्र आपण क्वचित शिकवतो. घरोघर घुसणारे गोरे सोल्जर हे केवळ एका अधिकाऱ्याच्या उद्दामपणाचे फळ नव्हते. व्यापार बंद पडेल या धास्तीचाही त्यात वाटा होता.

त्याच काळात दुसरेही काही घडत होते. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला, निजामाच्याच मुलखातील सिकंदराबादच्या छावणीत, रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला. त्या डासांना आपल्या अंगावर पोसणाऱ्या रुग्णाचे नाव हुसेन खान. प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाल्याची नोंद आहे. रॉसला १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रॉसचे किंवा हाफकिनचे कर्तृत्व कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. हाफकिनच्या धैर्याला तर नमस्कारच करावा. पण हिवताप डासामुळे होतो हे ज्ञान आज सर्व जगाचे आहे, आणि त्या ज्ञानाच्या भांडवलात हुसेन खानचे रक्त आहे. भायखळ्याच्या कैद्यांचेही आहे. ही रक्कम कोणत्याही राष्ट्राच्या जमाखर्चात दिसत नाही. दाते आणि याचक अशी वाटणी करण्यापूर्वी ती मांडली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

स्वातंत्र्यानंतरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. देवी, हिवताप आणि नारू या तीन रोगांच्या तीन तऱ्हा झाल्या.

देवीचा रोग आमच्या भाषेत देवता होऊन बसला होता. 'देवी येणे' हे रोगासाठी आणि 'देवी काढणे' हे लस टोचण्यासाठी, असे दोन्ही वाक्प्रचार आमच्या आयांच्या तोंडी होते. एकाच दैवताला आणणे आणि काढणे! १९७४ मध्ये भारतात या रोगाचे दीड लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि मे १९७५ मध्ये शेवटचा. या विजयाची गोष्ट सांगताना जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकन तज्ज्ञ, स्वीडनचा पैसा आणि सोव्हिएत संघाने फुकट दिलेली कोट्यवधी मात्रांची लस यांचा उल्लेख होतो, आणि तो व्हायलाच हवा. शीतयुद्धातले दोन वैरी एका रोगापुरते एका बाजूला उभे राहिले, ही लहान गोष्ट नव्हे. पण हिशेब पाहा. १९६७ ते १९७९ या काळात देवीनिर्मूलनाला जगभर सुमारे ३० कोटी डॉलर लागले. त्यांतले बाहेरून आलेले होते सुमारे १० कोटी. उरलेले २० कोटी ज्या देशांत रोग होता त्यांनी स्वतः घातले. म्हणजे दोन तृतीयांश खर्च रोग्याच्या घरचा होता. बिहारच्या मोहिमेत टाटांनी आपली माणसे आणि पैसा लावला, तेही घरचेच. रोग गेल्यावर लाभ कोणाला झाला? आम्हाला तर झालाच. परंतु श्रीमंत देशांनाही लसीकरण, बंदरांवरील तपासण्या, दाखले हा दरवर्षीचा खर्च कायमचा सुटला. अमेरिकेने घातलेली रक्कम तिला बचतीच्या रूपाने अल्पावधीत वसूल झाली. याला दान म्हणायचे असेल तर मग फायद्याचा धंदा कशाला म्हणायचे?

हिवतापाची कथा उलट दिशेने जाते, आणि विद्यार्थ्यांना ती सांगताना आम्हाला नेहमी अडखळायला होते, कारण तिच्यात खलनायक सापडत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डीडीटी आणि पैसा यांचा मोठा भाग अमेरिकेकडून आला. फवारणीची पथके घराघरात जाऊ लागली. १९६० नंतरच्या काही वर्षांत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. कोटींवरून लाखावर! पाठ्यपुस्तकात जय म्हणून छापावा असा हा आकडा. मग मदत आटली, डीडीटीची टंचाई झाली, डास डीडीटीला सरावले, आणि सर्वांत मुख्य म्हणजे फवारणी संपल्यावर गावागावात ताप हुडकत फिरणारा जो कायमचा कर्मचारी हवा होता, तो बहुतेक ठिकाणी नेमलाच गेला नव्हता. १९७६ मध्ये नोंदलेले रुग्ण ६४ लाखांवर गेले. बाहेरच्या पैशाने औषध आणले, फवारे आणले, जीपगाड्या आणल्या. महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार त्याने आणला नाही. तो आणणे दात्याच्या कामात बसत नव्हते आणि आमच्या सरकारच्या प्राधान्यातही बसत नव्हते. दाता कंटाळला की रोग परत येतो. धर्मादायाच्या खात्याचा हा स्वभावदोष आहे.

आता नारू. या रोगावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण आजच्या विद्यार्थ्याला हा शब्दच माहीत नाही, आणि एखाद्या भाषेतून एखाद्या रोगाचे नाव पुसले जाणे यापेक्षा त्या रोगावरील विजयाचा मोठा पुरावा नाही. मोल्सवर्थच्या कोशात नारू आहे. आमच्या वर्गात तो नाही. नारू म्हणजे हात-दीड हात, क्वचित त्याहूनही लांब, दोऱ्यासारखा जंत. पाण्यातील सूक्ष्म पिसवांच्या पोटात त्याची पिले असतात. ते पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभराने तो पायाच्या कातडीतून फोड करून बाहेर पडू लागतो. आग आग होते. रोगी पाय पाण्यात बुडवतो, थोडे बरे वाटते, आणि त्याच क्षणी नारू हजारो पिले त्या पाण्यात सोडून देतो. औषध नाही, लस नाही. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. तुटला तर पाय सडण्याची भीती. पेरणीच्या नाहीतर सुगीच्या ऐन दिवसांत घरातला कर्ता माणूस महिना महिना अंथरुणाला खिळे.

या रोगाला लागतात त्या पायऱ्यांच्या विहिरी. आमच्या मुलखाची शान असलेल्या बारवा, ज्यांच्या शिल्पांची छायाचित्रे आज आपण कौतुकाने पाहतो, त्यांच्यात पाण्यापर्यंत उतरता येते. हेच त्यांचे सौंदर्य आणि हाच त्यांचा घात. घडा बुडवताना पाय बुडतो, आणि रोगी व निरोगी एकाच पायरीवर उभे राहतात. शिवाय कोणती पायरी कोणाची हे जातीने ठरलेले. ज्यांना बारवेवर येऊच दिले जात नसे, त्यांना ओढ्यातले नाहीतर डबक्यातले पाणी. तेव्हा नारू हा पाण्याइतकाच समाजरचनेचाही रोग होता. पाण्याच्या हक्कावर आपल्याकडे इतके लिहिले गेले, त्यात हा जंत मात्र फारसा कोणाच्या लेखणीत आला नाही.

पाण्यात पाय जाणारच नाही अशी विहीर, हा यावरचा इलाज. बोअर आणि वर हापसा. बोलायला सोपे, पण दख्खनचा काळा पाषाण फोडायचा कशाने? हवेच्या दाबावर चालणारी, खडकात खोलवर भोक पाडणारी यंत्रे परदेशातून आली. जालन्याच्या स्कॉटिश मिशनसारख्या संस्थांनी ती मराठवाड्यात साठच्या दशकात वापरली. १९६७ च्या उत्तरेतील दुष्काळात आणि पुढे १९७२ च्या आमच्या दुष्काळाच्या आगेमागे युनिसेफने ती मोठ्या प्रमाणावर आणली. भोके पडली, पाणी लागले, वर ओतीव लोखंडाचे पंप बसले. आणि बंद पडले. १९७४ च्या सुमारास महाराष्ट्र आणि तामिळनाडूत पाहणी झाली, तेव्हा चारांतले तीन पंप निकामी निघाले. कारण साधे होते. ते पंप ज्या नमुन्यावर घडवले होते तो अमेरिकेतल्या, युरोपातल्या शेतघराचा. एक कुटुंब, दिवसाला थोड्या बादल्या. आमच्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव त्यावर रांग लावणार, आणि मधल्या वेळात पोरे दांड्याला लोंबकळणार. देणाऱ्याने मनापासून दिले होते; घेणारा कसा जगतो हे मात्र त्याने पाहिले नव्हते.

पुढची गोष्ट आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. जालन्यात मिशनच्या कार्यशाळेत या पंपाची डागडुजी करता करता पोलादी सांगाड्याचा नवा पंप उभा राहिला. त्याच्या पुढची पायरी सोलापुरात घडली. तुळजापूरहून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर. आमची बाजारपेठ, आमचा दवाखाना, आमचे रेल्वे स्टेशन. तेथे सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेत घडलेला पंप 'सोलापूर पंप' म्हणून ओळखला जाऊ लागला. तो घडवणारा कारागीर शिकून नव्हे तर करून शिकलेला होता, असे सांगतात. दांड्याला एकच मजबूत सांधा, आणि दांड्याच्या टोकाला साखळी, म्हणजे आतली दांडी सरळ वरखाली होते आणि झीज थांबते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफ, भारत सरकार, मद्रासची यांत्रिक संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी या सोलापुरी पंपावरून सुधारित नमुना तयार केला. तोच 'इंडिया मार्क टू'. त्याचे पेटंट मुद्दाम घेतले गेले नाही. भारतीय मानक ठरवून दिले, आणि ज्याला बनवायचा त्याने बनवावा, अशी मोकळीक ठेवली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे लाखोंनी पंप बनले. गावातला कोणताही हापसा डोळ्यांपुढे आणा. तो बहुधा हाच.

नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९८४ मध्ये सात राज्यांत सुमारे ४० हजार रुग्ण सापडले. महाराष्ट्र त्या सातांतला एक. हापसे, बारवांच्या पायऱ्या बुजवून त्यांचे आड करणे, पाणी फडक्याने गाळणे, रोग्याला पाण्यापासून दूर ठेवणे, एवढीच हत्यारे. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. दरम्यान हा हापसा आफ्रिकेत पोचला होता. तेथे १९८६ मध्ये नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता. २०२४ मध्ये साऱ्या जगात माणसांतले रुग्ण उरले १५. श्रेय अनेकांचे आहे, जिमी कार्टर यांच्या संस्थेचे विशेष. पण त्या कामाला आलेल्या अवजारांत एक सोलापूरच्या कारखान्यातून निघालेले होते. युनिसेफचा पैसा नसता तर तो पंप सोलापूर जिल्ह्यातच राहिला असता. सोलापूरचा तो कारागीर नसता तर युनिसेफचा पैसा निकामी पंपांच्या रांगेत जिरला असता. यांत दाता कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

या गोष्टीला काळी किनारही आहे, ती झाकू नये. बांगलादेशात जुलाबाचे बळी थांबावेत म्हणून सत्तरच्या दशकापासून युनिसेफ व इतरांच्या साहाय्याने लक्षावधी कूपनलिका खणल्या गेल्या. १९९३ मध्ये तेथील पाण्यात आर्सेनिक सापडले. सद्हेतूने दिलेल्या विहिरीतून कोट्यवधी माणसे वर्षानुवर्षे विष पीत होती. धर्मादायात अशा वेळी 'आम्ही चांगल्यासाठीच केले' एवढे म्हणून हात झटकता येतात. देण्याच्या वहीत ती सोय नाही, कारण सदोष माल दिला तर देणे फिटत नाही. आमच्याकडे आर्सेनिक निघाले नाही; पण बोअर पाडण्याची यंत्रे पिण्याच्या पाण्यासाठी आली आणि उसाच्या कामी लागली. उन्हाळ्यात आमच्या कितीतरी गावांतला हापसा आज कोरडा खडखडतो. हा दोष देणाऱ्याचा नव्हे, आमचा.

कोणत्या रोगावर पैसा जावा हे कोण ठरवणार, हा यातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे, आणि त्याचेही एक उत्तर आमच्या शिवेलगत तयार झाले होते. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेस, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. आरंभीचा पैसा बराचसा परदेशी ख्रिस्ती संस्थांचा. पण त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले, आणि गावाने रोगांची नावे सांगितलीच नाहीत. पाणी आणि अन्न सांगितले. मग गावातल्याच, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडचे प्रकरण आहे, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही जी घोषणा झाली, तिच्यामागे अशाच मोजक्या प्रयोगांचे बळ होते. घोषणेची शाई वाळण्यापूर्वीच मोठ्या दात्यांनी पवित्रा बदलला. सर्वांगीण आरोग्य मोजता येत नाही, त्यापेक्षा ठराविक रोग, ठराविक उपाय, ठराविक मुदत. मोजता येईल ते द्यावे, ही दात्याची स्वाभाविक ओढ. देवी आणि नारूच्या बाबतीत ती फळली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण बाळंतपणातला रक्तस्राव, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची गर्भपिशवी, कोयत्यावर जन्मलेले मूल यांना अशी मुदत घालता येत नाही. आमच्या तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून उभे केले, ते जामखेडच्याच कुळातले काम. हे नाव आम्हाला फार आवडते. त्यात कोणाचे उपकार नाहीत.

आणि आता आपण कोठे उभे आहोत? २००१ मध्ये गेट्स यांच्या प्रतिष्ठानने आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या लसीसाठी ७ कोटी डॉलर दिले. ती लस तयार केली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत, आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये ती टोचण्यास आरंभ झाला. त्या पट्ट्यातील 'अ' प्रकारचा मेंदूज्वर जवळजवळ नाहीसा झाला. या व्यवहारात महाराष्ट्र याचक नव्हता. पुढे २०२१ च्या वसंतात कोविडची दुसरी लाट आली आणि त्याच पुण्यातून गरीब देशांना जाणाऱ्या लसीची निर्यात भारताने थांबवली. आमचीच माणसे प्राणवायूवाचून मरत होती. निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण आफ्रिकेतल्या ज्या आरोग्यसेविकेला पहिली मात्रा मिळून दुसरी मिळाली नाही, तिच्या दृष्टीने 'आधी आपल्या घरचे बघा' हे वाक्य त्या वेळी मराठी मुलखातूनही उच्चारले गेले होते. श्रीमंत राष्ट्रांनी गरजेच्या कितीतरी पट मात्रा साठवल्या, हे खरेच. तरीही अमेरिकेच्या २०२५ च्या निर्णयावर लिहिताना ही आठवण ठेवली, तर आपली लेखणी थोडी नरम आणि अधिक खरी होईल.

आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ही सगळी मांडणी मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की देणे म्हटले की घेणारा हिशेब देत नाही. दान निदान लाज राखते. हक्काच्या पैशाला लाज नसते, आणि आपल्याकडच्या योजनांचे पैसे कोठे जातात हे काय आम्हाला माहीत नाही? शिवाय, ते विचारतात, परदेशाकडे बोट दाखवण्यापूर्वी मुंबईकडे का दाखवत नाही? देशातील सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक असलेल्या महाराष्ट्रात २०१८ मध्ये नीती आयोगाने मागास म्हणून जे चार 'आकांक्षित' जिल्हे निवडले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिम यांच्या पंक्तीला आमचा जिल्हा आहे. निजाम जाऊन पंच्याहत्तर वर्षे उलटली, तरी राजधानी आणि धाराशिव यांमधले अंतर तेवढेच राहिले, हा त्यांचा मुद्दा. पहिल्या आक्षेपावर आमचा आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. हिशेब मागण्याचा हक्क देणेकऱ्यालाही असतो, असे आम्ही म्हणतो; ते हसतात. दुसऱ्या आक्षेपावर वाद घालण्यासारखे आमच्याजवळ काही नाही.